माप आणि उदबत्ती : सानुकी प्रांतांतील भातखाचरांचा इतिहास

१

जपानच्या इतिहासाचें कोणतेंहि पुस्तक उघडलें तरी तांदूळ पानोपानीं भेटतो. सरदाराची योग्यता किती, तर इतक्या कोकू तांदळाची. शिपायाचें वेतन काय, तर इतके कोकू. खेड्याचा सारा किती, तर तोहि कोकूंतच. कोकू हें सुमारें १८० लिटरांचें माप असून त्यांत सुमारें १५० किलो तांदूळ मावतो, आणि एका माणसाची एका वर्षाची बेगमी म्हणजे एक कोकू असा तेथील जुना अदमास आहे. ज्या देशानें जमीन, माणूस व सत्ता हीं तिन्ही एकाच धान्यानें मोजलीं, त्या देशाच्या भातशेतीचा इतिहास लिहिणें सोपें असेल असें प्रथमदर्शनीं वाटतें. दप्तरें भरपूर, आंकडे भरपूर. मग अडचण कोणती? आमच्या मतें अडचण तेथेंच आहे. हे आंकडे धान्य घेणाऱ्यांनीं लिहिले आहेत. खाचरांत पाणी कोणीं आणलें, रात्रीं जागून तें कोणीं वांटलें, आणि पिकलेला तांदूळ अखेरीस कोणाच्या मुखांत पडला, या तीन प्रश्नांचें उत्तर कोकूच्या आंकड्यांत मिळत नाहीं.

प्रस्तुत लेखांत हा विषय सबंध जपानपुरता न घेतां शिकोकू बेटाच्या ईशान्य भागांतील सानुकी या एका जुन्या प्रांताच्या आधारें मांडण्याचें योजिलें आहे. हल्लीं या प्रांतास कागावा म्हणतात, आणि जपानच्या सत्तेचाळीस विभागांत तो क्षेत्रफळानें सर्वांत लहान आहे. हा कोपरा निवडण्याचें कारण असें कीं, तेथें मान्नो नांवाचें एक तळें आहे व त्याचा वृत्तान्त बाराशें वर्षांहून अधिक काळ लावतां येतो. राज्यें बदललीं, मापें बदललीं, तळें कित्येकदां फुटलें व पुन्हा बांधलें गेलें. या एका तळ्याचें चरित्र नीट वाचलें तर खाचर कशानें जगतें हें समजतें, असा आमचा अनुभव आहे.

२

प्रथम शब्दांकडे पाहूं. चिनी लिपींतील चार चौकटींचें जें क्षेत्रवाचक अक्षर आहे, त्याचा अर्थ चीनमध्यें कोणतेंहि शेत असा होतो. जपान्यांनीं तेंच अक्षर उचललें. पण त्यास ‘ता’ हा आपला उच्चार देऊन त्याचा अर्थ पाण्याखालचें भातखाचर एवढाच ठेविला. कोरडवाहू शेतासाठीं त्या अक्षरास अग्नीचें चिन्ह जोडून त्यांनीं एक नवेंच अक्षर घडविलें. त्याचा उच्चार ‘हाताके’. म्हणजे शेत तें भाताचेंच, बाकीचें सारें दुय्यम, हा निवाडा लिपींतच होऊन बसला. आमच्या व्याकरणकारांनींहि व्रीहीच्या शेतास व्रैहेय व शालीच्या शेतास शालेय अशीं स्वतंत्र नांवें दिलीं आहेत. परंतु त्यामुळें जवाचें शेत कांहीं पदच्युत झालें नाहीं, त्यालाहि यव्य हें मानाचें नांव मिळालें.

दुसरा विचार पाण्याचा. अमरकोशांत पावसाच्या पाण्यावर पिकणाऱ्या देशास देवमातृक आणि नदीच्या पाण्यावर पिकणाऱ्या देशास नदीमातृक अशा संज्ञा आहेत. सानुकी या दोहोंतहि नीट बसत नाहीं. तेथें वर्षाकाठीं सुमारें १,१०० ते १,२०० मिलिमीटर पाऊस पडतो. जपानच्या सरासरीच्या मानानें हा फारच थोडा. डोंगर समुद्रापासून जवळ असल्यामुळें नद्या आंखूड व उतार जलद. पाऊस पडला कीं पाणी पाहतां पाहतां समुद्रास मिळतें. लावणीला पाणी हवें तेव्हां नदींत वाळू. यावर त्या लोकांनीं जो उपाय काढला तो तळ्यांचा. आजहि त्या चिमुकल्या प्रांतांत लहानमोठीं बारा हजारांच्या घरांत तळीं आहेत. कोशकार तेथें गेला असता तर त्यास ‘तडागमातृक’ अशी तिसरी संज्ञा बनवावी लागली असती.

भातखाचराची रचना कोंकणांतील वाचकांस नव्यानें सांगावयास नको. जमीन सपाट, भोंवतीं बांध, तळाशीं पाणी धरून ठेवणारा चिकण थर, वरच्या अंगास पाणी येण्याचें व खालच्या अंगास जाण्याचें तोंड. मग चिखलणी, दाढेंतील रोपांची लावणी, बेणणी व कापणी. जपानांतहि हाच क्रम, आणि लावणीचें काम विशेषतः बायकांचें. यांत इतिहासाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ती पाण्याच्या वाटेची. वरच्या खाचरांतलें पाणी खालच्या खाचरांत उतरतें. वरच्यानें तोंड बुजविलें तर खालच्याचें पीक गेलें. वरच्याचा बांध फुटला तर खालच्याचीं रोपें वाहून गेलीं. भात पिकविणाऱ्यास आपला शेजारी निवडतां येत नाहीं, आणि टाळतांहि येत नाहीं.

३

पाण्यांतील भाताची विद्या जपानांत बाहेरून आली. कोरियाच्या बाजूनें ती प्रथम क्यूशू बेटाच्या उत्तर किनाऱ्यास लागली. फुकुओका येथील इताझुके आणि कारात्सु येथील नाबाताके या स्थळीं खाचरांचे जे अवशेष सांपडले आहेत, ते इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकाच्या पूर्वार्धांतील मानले जातात. शिझुओकाजवळील तोरो हें स्थळ १९४३ सालीं, युद्ध चालू असतां एका कारखान्याच्या खोदकामांत उघडकीस आलें. १९४७ पासून १९५० पर्यंत तेथें जें उत्खनन झालें, त्यांत लांकडी फळ्या व खुंट्या ठोंकून धरलेले बांध आणि चिखलांत पाय रुतूं नये म्हणून घालावयाच्या रुंद लांकडी खडावा मिळाल्या. तेथील खाचरें इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांतील आहेत.

याहून बोलकें उदाहरण अगदीं उत्तरेस आओमोरी विभागांत मिळतें. तेथें तारेयानागी या स्थळीं १९८१ सालीं सहाशेंहून अधिक चिमुकलीं खाचरें उजेडांत आलीं. तींहि दोन हजार वर्षांपूर्वींचीं. परंतु पुरानें तीं गाडलीं गेल्यावर त्या थंड प्रदेशांत भातशेतीची परंपरा कित्येक शतकें खंडित झाली. भात एकदां आलें म्हणजे राहिलें असा नियम नाहीं, हें येथेंच ध्यानांत ठेवावें. पुढें सानुकीच्या तळ्याकडे वळूं तेव्हां त्याचा उपयोग होईल.

राज्यसत्तेनें खाचराचें पहिलें मोठें माप घेतलें तें इ. स. ७०१ च्या तायहो संहितेच्या काळीं. चिनी नमुन्यावर रचलेल्या या कायद्यानें सर्व खाचरें राजाचीं ठरविलीं. सहा वर्षांवरील प्रत्येक पुरुषास दोन तान, म्हणजे सुमारें २३ आर खाचर, आणि स्त्रीस त्याचे दोनतृतीयांश, असा वांटा ठरला. माणूस मेला कीं खाचर सरकारजमा. धान्याचा सारा उत्पन्नाच्या शेंकडा ३ च्या आसपास, म्हणजे हलका होता. पण त्याखेरीज कापड, वस्तु व वेठ यांचा बोजा होताच. कायदा रेखीव, परंतु वांटावयास खाचरें पुरेनात. म्हणून ७४३ सालीं सरकारनें असें ठरविलें कीं, जो नवें खाचर काढील त्याच्याकडे तें कायमचें राहील. संहितेस अर्धशतक होण्यापूर्वींच तिच्या मूळ तत्त्वास भगदाड पडलें. देवळें, मठ व सरदार यांनीं नव्या जमिनी काढून आपल्या जहागिरी उभ्या केल्या, आणि एका मापाचें राज्य हळूहळू विरून गेलें.

४

मान्नो तळें याच काळचें. इ. स. ७०१ ते ७०४ च्या दरम्यान तें प्रथम बांधलें गेलें असें परंपरा सांगते. ८१८ सालीं पुरानें बांध फुटला. राजधानींतून एक अधिकारी पाठविण्यांत आला. परंतु काम मोठें व मजूर थोडे, त्यामुळें त्याच्या हातून तें पुरें होईना. तेव्हां प्रांताधिकाऱ्यानें दरबारास विनंती केली कीं, कूकाई नांवाच्या भिक्षूस पाठवावें. तो याच प्रांतांत जन्मलेला, लोक त्यास आईबापांप्रमाणें मानतात, तो येतो असें कळलें तर लोक आपण होऊन धांवत येतील. ८२१ सालीं कूकाई आला आणि तीन महिन्यांच्या आंत बांध उभा राहिला.

हा कूकाई संस्कृतज्ञांस परका नाहीं. जपानांतील शिंगोन या मंत्रमार्गी बौद्ध पंथाचा तो संस्थापक. ८०४ सालीं तो चीनमध्यें गेला. तेथें चांगआन राजधानींत कपिशा प्रदेशांतून आलेल्या प्रज्ञ नांवाच्या भिक्षूपाशीं त्यानें संस्कृताचें अध्ययन केलें, आणि ८०६ सालीं सिद्धम् लिपींतील मंत्रांचीं पुस्तकें घेऊन तो स्वदेशीं परतला. जपानांत संस्कृत अक्षरांचा जो अभ्यास पुढें शतकानुशतकें चालला, त्याच्या मुळाशीं या पुरुषाचें नांव आहे. परंतु सानुकीच्या शेतकऱ्याला त्याची आठवण आहे ती बांधासाठीं. प्रांताधिकाऱ्याच्या विनंतींतील कारण मात्र लक्षांत घेण्यासारखें आहे. दरबारापाशीं हुकूम होता, अधिकारी होता. उणीव होती ती राबणाऱ्या हातांची, आणि ते हात हुकुमानें येत नव्हते.

याची उलट बाजू एका कथेंत सांपडते. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील ‘कोंजाकु मोनोगातारी’ हा प्रचंड कथासंग्रह आमच्या अभ्यासकांच्या परिचयाचा असावयास पाहिजे, कारण त्याचे पहिले पांच खंड भारतासंबंधींच्या कथांचे आहेत. त्याच्या शेवटल्या खंडांत मान्नो तळें कसें नष्ट झालें याची गोष्ट आहे. एका प्रांताधिकाऱ्यास तळ्यांतील मासे हवे होते; त्यानें बांधास भोंक पाडविलें; मासे मिळाले, पण भोंक वाढत जाऊन सारा बांध गेला, व खालचीं घरें आणि खाचरें वाहून गेलीं. कथाकारानें या अधिकाऱ्याचें पाप अपार ठरविलें आहे. ही घटना अक्षरशः अशीच घडली असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु बांधास खरा धोका कोणापासून, याविषयीं त्या काळच्या लोकांचें मत काय होतें, हें तींत स्पष्ट उमटलें आहे.

११८४ सालीं तळें पुन्हा फुटलें. पुढच्याच वर्षीं तायरा व मिनामोतो या घराण्यांचें महायुद्ध सानुकीच्या याशिमा किनाऱ्यावर येऊन ठेपलें. यानंतर सुमारें साडेचारशें वर्षें बांध कोणीं बांधला नाहीं. तळ्याच्या कोरड्या तळांत लोक राहूं लागले, शेती करूं लागले, आणि तेथें ‘इकेनोउची’, म्हणजे तळ्याच्या आंतलें, या नांवाचें गांव वसलें. तारेयानागीच्या खाचरांवर पुराचा गाळ बसला. येथें तळ्याच्या जागीं गांव बसलें.

५

तळें असें कोरडें पडलें असतांच जपानांत दुसरें मोठें माप आलें. १५८२ सालीं तोयोतोमी हिदेयोशी यानें जमीनमोजणीस आरंभ केला आणि १५९८ सालीं तो मरण पावेपर्यंत ती चालू होती. तानमध्यें पूर्वीं ३६० चौरस ‘बु’ मोजीत, ते त्यानें ३०० केले. धान्य मोजण्यास क्योतो येथील पेटीमाप सर्वत्र लागू केलें. खाचरांची प्रत लावली. उत्तम खाचरास दर तान दीड कोकू, मध्यमास एक कोकू तीन दशांश, कनिष्ठास एक कोकू एक दशांश असें उत्पन्न ठरविलें. प्रत्येक खाचरापुढें एकाच कसणाऱ्याचें नांव लिहिलें. याच राज्यकर्त्यानें १५८८ सालीं शेतकऱ्यांचीं शस्त्रें काढून घेतलीं. मोजणी व निःशस्त्रीकरण हीं एकाच धोरणाचीं दोन अंगें होत.

या मोजणींतील एक बारकावा वाचकांच्या नजरेंतून सुटूं नये. कोरडवाहू शेताचें व राहत्या घराच्या जागेचेंहि उत्पन्न तांदळांतच लिहिलें गेलें. ज्या जमिनींत भाताचें एक रोप उगवत नव्हतें, तीहि इतक्या कोकूंची म्हणून वहींत गेली. म्हणजे कोकू हें आतां धान्याचें माप राहिलें नव्हतें, तें सत्तेचें नाणें झालें होतें. या पायावर तोकुगावा घराण्यानें पुढें अडीचशेंहून अधिक वर्षें राज्य केलें. सारा माणशीं न घेतां सबंध गांवावर बसे. चाळीस टक्के सरकारचे व साठ गांवचे, किंवा निम्मे निम्मे, असे दर प्रसिद्ध आहेत. एकानें भरला नाहीं तर गांवानें भरावयाचा. साऱ्याचा तांदूळ गलबतांनीं ओसाका येथें जाई. तेथील दोजिमा बाजारास १७३० सालीं सरकारी मान्यता मिळाली, आणि पुढें यावयाच्या पिकाचे सौदे तेथें आधींच होऊं लागले.

आतां तो तांदूळ खाल्ला कोणीं? १६४९ सालची म्हणून सांगितली जाणारी एक राजाज्ञा आहे. तींत शेतकऱ्यांनीं तांदूळ न उधळतां भरड धान्य खावें असा उपदेश आहे. ती त्या वर्षाची नव्हे असें पुष्कळ जपानी अभ्यासक आतां मानतात, म्हणून आम्ही तिचा आधार घेत नाहीं. त्याची गरजहि नाहीं. शेतकऱ्याच्या रोजच्या जेवणांत तांदळाबरोबर सातू, राळे व मुळे मिसळीत, ही गोष्ट सर्वमान्य आहे. सानुकींत तर याची खूण आजतागायत टिकली आहे. १२६४ सालीं कामाकुरा येथील सत्तेनें भातामागून घेतलेल्या सातू-गव्हाच्या दुसोट्यावर सारा घेऊं नये असें फर्माविलें होतें. धनी तांदूळ नेई, रब्बीचें पीक बव्हंशीं घरांत राही. आज ‘सानुकीचें उदोन’ म्हणून ज्या जाड गव्हाच्या शेवया साऱ्या जपानांत नांवाजल्या जातात, त्यांचें मूळ या दुसोट्याच्या गव्हांत आहे. जुलैच्या आरंभीं, लावणी संपल्यावर, राबलेल्या माणसांस नव्या गव्हाचें उदोन वाढण्याची तेथें रीत आहे. भाताची लावणी केली, आणि सण साजरा केला तो गव्हावर!

तांदळाच्या पांढऱ्या शिताला जपानी भाषेंत ‘शारी’ असाहि एक शब्द आहे. संस्कृतज्ञास प्रथम ‘शालि’ची आठवण होते, परंतु जपानी परंपरा तो ‘शरीर’ या शब्दापर्यंत नेऊन पोंचविते. बुद्धाच्या शरीरधातूंचे पवित्र कण, आणि त्यांसारखे दिसणारे शुभ्र तांदळाचे कण. दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईंत निर्भेळ पांढऱ्या भातास ‘रुपेरी शारी’ म्हणत. ज्याचें दर्शनहि दुर्लभ त्यासच माणूस असें नांव देतो.

आणि दुर्भिक्षांत काय होई? १७८२ पासूनच्या तेनमेई दुष्काळांत ईशान्येकडील त्सुगारू संस्थानाचा तांदूळ कर्जाच्या व बाजाराच्या पायीं ओसाका आणि एदोकडे रवाना झाला. १७८३ सालीं पीक बुडालें, तेव्हां कोठारें रिकामीं होतीं आणि पिकविणारे उपाशी मेले. मापांत चूक नव्हती. माप भरलें होतें, म्हणूनच घर रिकामें होतें.

६

पुनः सानुकीकडे वळूं. १६२६ सालीं तेथें भयंकर अवर्षण झालें. इकोमा घराण्याचा संस्थानिक अल्पवयी होता. त्याच्या आजोळचा मोठा सरदार तोदो ताकातोरा यानें आपल्या पदरचा निशिजिमा हाचिबेई हा जलकर्मांतील जाणता पुरुष सानुकीस धाडला. निशिजिमानें नव्वदांहून अधिक तळीं बांधलीं अथवा दुरुस्त केलीं. मान्नोच्या बांधाचें काम १६२८ सालीं सुरू होऊन १६३१ सालीं पुरें झालें. चाळीसांहून अधिक गांवांच्या सुमारें ३५ हजार कोकूंच्या जमिनीस त्याचें पाणी मिळूं लागलें. यासाठीं इकेनोउची गांव पाण्याखालीं गेलें, हेंहि नमूद केलें पाहिजे. तळांत जमिनी असलेल्या यहारा घराण्यानें त्या सोडल्या व तळ्याची राखण त्याच्याकडे सोंपविण्यांत आली. बाकीच्यांच्या नांवांनीं इतिहासांत जागा अडविलेली नाहीं.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, कूकाई काय किंवा निशिजिमा काय, दोघेहि सत्तेनेंच पाठविलेले. मग पाण्याचें श्रेय गांवास कां द्यावें? आक्षेप योग्य आहे. बांध बांधणें हें एकट्या गांवाच्या आवांक्यांतलें काम नव्हे. परंतु बांध तीन वर्षांत होतो, पाणी दर वर्षीं वांटावें लागतें. तळ्याचें दार उघडल्यापासून कापणीपर्यंत कोणत्या पाटांत किती वेळ पाणी सोडावयाचें, हा निवाडा रोज, किंबहुना प्रत्येक रात्रीं, करावा लागतो. आणि तो करण्यास कोकूचें माप कुचकामाचें.

सानुकींत यासाठीं जें माप निघालें तें उदबत्तीचें. तेथें त्यास ‘सेन्को-मिझु’, म्हणजे उदबत्तीचें पाणी, म्हणतात. ज्याचें खाचर जेवढें, तेवढ्या लांबीची उदबत्ती. ती वाऱ्याच्या आडोशास लावावयाची. ती जळत असेपर्यंत पाणी त्याचें, विझली कीं पाट दुसऱ्याचा. पाहणारे दोन्ही बाजूंचे. घटिकायंत्र नको, लेखणी नको, सरकारी कारकून नको. अंधारांतहि तें टोंक सर्वांस दिसतें. पाणी अगदींच आटलें तर याहून कठोर उपाय असत. खाचर भरून न काढतां पाणी नुसतें वरून धांवतें न्यावयाचें. कांहीं खाचरें जाणूनबुजून सुकूं द्यावयाचीं व उरलेलीं वांचवावयाचीं. आणि अखेरीस मातीच्या किटलीनें एकेका रोपाच्या मुळाशीं पाणी घालावयाचें.

ही व्यवस्था समतेची होती असा गैरसमज कोणीं करून घेऊं नये. जुन्या खाचरांचा हक्क नव्या खाचरांच्या आधीं, वरच्या गांवांचा खालच्यांच्या आधीं. कूळ व नोकर यांस बोलण्यास जागा थोडी. पाण्यावरून गांवागांवांत मारामाऱ्याहि झाल्या. तथापि दोन मापांमधला भेद राहतोच. पेटीमापानें गांवाकडून धान्य बाहेर जाई, आणि तें धरणारा हात परका असे. उदबत्तीनें पाणी गांवांतच फिरे, आणि ती लावणारा उद्यां त्याच पाटावर भेटणारा असे.

मान्नोचें पुढील संकट हेंच दाखवितें. तळ्याचें लांकडी दार कुजे, म्हणून दर कांहीं दशकांनीं तें बदलावें लागे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तें दगडी करण्यांत आलें. सांध्यांतून पाणी झिरपूं लागलें, १८५४ सालीं भूकंप झाला आणि बांध फुटला. या वेळीं तळ्याचें पाणी ताकामात्सु, मारुगामे व तादोत्सु हीं संस्थानें आणि सरकारी मुलूख यांत वांटलें गेलेलें होतें. सर्वांचे कोकू वहींत शाबूत, परंतु एकमत होईना. सोळा वर्षें तळें तसेंच पडून राहिलें. शेवटीं एनाई गांवचा हासेगावा सातारो यानें खटपट करून व स्वतःची दौलत खर्चून तें काम पुढें रेटलें, आणि खडक पोखरून नवें दार घातलें. १८७० सालीं तळें भरलें. संस्थानें त्यानंतर वर्षभरांत, १८७१ सालीं, खालसा झालीं.

७

तिसरें माप पैशाचें. १८७३ सालीं मेइजी सरकारनें तांदळाचा सारा बंद करून जमिनीच्या किंमतीवर शेंकडा ३ असा रोकड कर बसविला. १८७६ सालीं ठिकठिकाणीं उठाव झाल्यावर पुढल्या वर्षीं तो अडीचवर आणला. कर रोकड झाला, पण खंड तांदळांतच राहिला. वाईट वर्षीं रोकड न जुळल्यानें जमिनी सावकारांकडे गेल्या, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं शेंकडा ४५ च्या आसपास जमीन कुळें कसत होतीं. १९१८ सालीं तांदळाचे भाव चढले तेव्हां तोयामा किनाऱ्यावरील कोळणींनीं गलबतांत तांदूळ भरूं देण्यास विरोध केला. त्या ठिणगीनें देशभर दंगे झाले व मंत्रिमंडळ गेलें. १९२४ सालीं सानुकींतच, ताकामात्सुजवळ फुसेइशी येथें, खंडाच्या तंट्यांत जमीनदारानें उभ्या पिकावर जप्ती आणविली असतां कुळांनीं तें कापून नेलें. त्यांस चोरीच्या आरोपाखालीं धरण्यांत आलें. लावणाऱ्यानें कापलें तर ती चोरी, हा मापाच्या राज्याचा शेवटला निष्कर्ष होय.

महायुद्धांतील पराभवानंतर १९४६ पासून १९५० पर्यंत जी जमीनसुधारणा झाली, तिनें हें चित्र पालटलें. कुळांकडील जमीन शेंकडा ४६ वरून १० च्या आसपास आली. खाचर प्रथमच बहुतांशीं कसणाऱ्याचें झालें, आणि तो पोटभर पांढरा भात खाऊं लागला. पण दैवाचा खेळ असा कीं, १९६२ सालीं माणशीं ११८ किलोपर्यंत चढलेला तांदळाचा वार्षिक खप त्यानंतर उतरत गेला व आतां पन्नास किलोंच्या घरांत आहे. १९७० पासून सरकारनें भाताचें क्षेत्र कमी करण्यासाठीं उलट अनुदान दिलें. किती भात लावूं नये याचें माप गांवोगांव वांटलें जाऊं लागलें. तें वांटणें २०१८ सालीं थांबलें. आणि २०२४ व २०२५ सालीं तांदूळ अपुरा पडून दुकानांतील भाव जवळजवळ दुप्पट झाले, तेव्हां सरकारला राखीव कोठारें उघडावीं लागलीं.

सानुकीस १९७४ पासून डोंगर पोखरून आणलेल्या कालव्यानें शेजारच्या योशिनो नदीचें पाणी मिळतें. तेव्हां तळ्यांचें प्रयोजन संपलें असें कित्येकांस वाटलें. १९९४ च्या उन्हाळ्यांत त्या नदीवरील सामेउरा धरणाचा उपयुक्त सांठा शून्यावर आला. त्या वर्षीं सानुकीचे शेतकरी पुन्हा तळ्यांकडे वळले आणि पाळीच्या पाण्याची जुनी पद्धत त्यांनीं बाहेर काढली. ती पद्धत कोणत्या सरकारी वहींत होती म्हणून निघाली नाहीं. पाळी धरून वाढलेलीं माणसें अजून हयात होतीं, म्हणून निघाली.

आज काळजी आहे ती याच माणसांची. जपानांत मुख्यतः शेतीवर राबणाऱ्यांचें सरासरी वय सत्तरीस टेकलें आहे. २०१८ च्या पश्चिम जपानांतील अतिवृष्टींत कित्येक लहान तळ्यांचे बांध फुटून हानि झाली. पुढच्या वर्षीं शेतीच्या तळ्यांची नोंदणी सक्तीची करणारा कायदा झाला. कायदा चांगला आहे. तळें कोठें आहे, कोणाचें आहे, किती मोठें आहे, हें आतां वहींत येईल. परंतु बांधावरचें गवत कापणारा, घुशीचें बीळ बुजविणारा व दार उघडतांना रात्रीं हजर राहणारा माणूस नोंदणीनें उत्पन्न होत नाहीं.

वरील विवेचनावरून आमचें म्हणणें एवढेंच कीं, भातशेतीच्या इतिहासकारानें साऱ्याच्या वहीशेजारीं पाण्याची वही मांडावी, आणि जेथें ती लिहिलेली नसेल तेथें पाळी धरणाऱ्यांस विचारून ती लिहून घ्यावी. पहिलीवरून राज्याचें बळ कळतें. खाचर जगलें कां, हें दुसरीवरून कळतें. मान्नो तळ्याचें दार आजहि दर वर्षीं जूनच्या मध्यास समारंभानें उघडतें, आणि सुमारें तीन हजार हेक्टर खाचरांत पाणी पसरतें. त्या तळ्याचा बांध निशिजिमानें तीन वर्षांत घातला. त्यापूर्वीं तो घालण्यास माणसें एकत्र येईपर्यंत साडेचारशें वर्षें गेलीं होतीं.